ओट्याशेजारची सातवी

फळा रंगवायला दोन दिवस पुरतात. बावीस वर्षं मी लोकांच्या दुकानांवर पाट्या रंगवतोय, तेव्हा हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. भिंत घासायची, एक हात प्रायमर, दोन हात काळा, मध्ये वाळायला वेळ द्यायचा, संपलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्याने अकरा दिवस खाल्ले. त्यात एक पोलीस, एक पैलवान, पोतंभर कांदे आणि शिक्षण खात्याचा एक अधिकारी कामी आला. तरीही माझ्या हातून झालेल्या सगळ्या कामांत तो फळा पहिल्या नंबरचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला पटत नसेल त्याने स्वतःच्या घरात फळा रंगवून दाखवावा.

गरज बायकोची होती. ती सातवीला गणित शिकवते. टाळेबंदी लागली, शाळेला कुलूप लागलं आणि सातवीची छत्तीस पोरं आमच्या स्वयंपाकघरात राहायला आली. म्हणजे फोनमध्ये. ओट्यावर डब्यांची चळत, चळतीवर फोन, आणि फोनसमोर वही छातीशी धरून बायको उभी. पकडलेल्या चोराचा फोटो काढतात ना, पाटी धरून, हुबेहूब तशी. वही हलली की पोरं ओरडायची, "बाई, धूसर!" वही नाही हलली की कुकरची शिट्टी व्हायची.

अशात एका मंगळवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी अकरा वाजता शिक्षण खात्याचे साहेब तिच्या वर्गात 'बसणार' होते. कंत्राटी शिक्षकांपैकी कोण घरातून नीट शिकवतं हे ते स्वतः पाहणार, आणि ज्याचा वर्ग त्यांना पटणार नाही त्याचं कंत्राट तिथेच संपणार.

आमची ही नऊ वर्षं कंत्राटी आहे. दर वर्षी एका कागदावर कुणीतरी सही करतं आणि ती पुन्हा एक वर्षासाठी बाई होते. या नऊ वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली पोरं कॉलेजात गेली, पण ती पक्की झाली नाही. यावर मला काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि लिहिलं तर छापण्यासारखं नाही.

"मला फळा पाहिजे," फोन ठेवून ती म्हणाली.

"वही आहे की."

"वहीने नाही होत. हातात खडू असल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. अहो, तुम्ही घरातच आहात ना सध्या?"

'घरातच आहात ना' हे ती साध्या मनाने बोलली, पण मला ते लागलं. दुकानंच बंद, तर पाट्या कोण रंगवून घेणार? तीन आठवडे मी घरात बसून लसूण सोलत होतो. मी ताडकन उठलो आणि टेप घेऊन ओट्याशेजारची भिंत मोजली. सहा बाय चार. फळ्याच्या काळ्या रंगाचा अख्खा डबा माझ्या गाळ्यात पडून होता. गाळा घरापासून वीस मिनिटांवर, आणि मध्ये पोलिसांचा अडथळा. पलीकडे जायचं तर पास हवा.

पासचा अर्ज फोनवर भरायचा होता. त्यात धंद्यांची यादी होती आणि आपला धंदा निवडून बोट ठेवायचं होतं. डॉक्टर होते, दूधवाले होते, मढी नेणारे होते, कुत्र्यांचे डॉक्टर होते. पेंटर नव्हता. शेवटी 'इतर' होतं, त्यावर मी बोट ठेवलं आणि खाली सगळं खरंखरं लिहिलं. दहा सेकंदांत उत्तर आलं: 'आपले काम अत्यावश्यक नाही.'

दहा सेकंद! माणूस शिंकायलासुद्धा त्याहून जास्त वेळ घेतो. मला एक सांगा, ज्या दवाखान्यात तुम्ही धापा टाकत जाता, त्यावर 'दवाखाना' कोण लिहितं? आत गेल्यावर 'तातडीचा विभाग' आणि पुढे लाल बाण, तो बाण तिथे उगवतो का? तो बाण मी काढलाय. गुडघ्यांवर बसून, दोन दिवस. तो चुकीच्या बाजूला काढला असता तर हृदयविकाराचा माणूस उपाहारगृहात पोचला असता. म्हणे अत्यावश्यक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या वेळात मी पिशवी घेऊन निघालो, तो थेट अडथळ्याशी गेलो. तिथे एक उंच पोलीस उभा होता, तोंडावर मास्क, मास्कच्या खाली गळ्यात शिट्टी.

"कुठे?"

"गाळ्यावर. रंगाचा डबा आणायचाय."

"रंग? लग्न आहे का घरात?"

"फळा रंगवायचाय. बायको शिक्षिका आहे."

"पास?"

"नाही. मी अत्यावश्यक नाही असं सरकारने कळवलंय."

मास्कच्या वर त्याचे डोळे हसले. "मी तरी कुठे आहे हो? पोलीस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो मी. अठरा वर्षं झाली. साहेब आले की वाजव, साहेब गेले की वाजव. बँड बंद झाला आणि हातात ही दिली." त्याने शिट्टी दाखवली. "एकच सूर आहे हिच्यात. तोही बेसूर."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर अडथळ्यावर लटकवलेल्या पुठ्ठ्यावर गेली. त्यावर पेनाने 'थांबा' लिहिलेलं होतं. 'थां' एवढा मोठा की 'बा'ला जागाच उरली नव्हती, तो कडेला चेंगरून उभा होता. माणसाने आजारपण सहन करावं, अपमान सहन करावा, पण असलं अक्षर सहन करू नये.

"दादा, हे कोणी लिहिलं?"

"मीच. का?"

"म्हणजे लोकांनी थांबायचं आहे की पळून जायचं आहे?"

तो दुखावला. मग त्याने मागे वळून पुठ्ठ्याकडे नीट पाहिलं, आणि कलाकार माणूस शेवटी, त्याला पटलं. "तुम्ही नीट लिहून देता?" म्हणाला. मी म्हटलं, पलीकडे सोडलंत तर देतो.

तासाभरात मी गाळ्यातून पत्रा, ब्रश आणि लाल रंग आणून तिथेच रस्त्यात बसून 'थांबा' लिहिला. खाली सावली देऊन. काय सांगू! तीन आठवडे ज्या अडथळ्याला कुणी जुमानत नव्हतं तिथे लोक आपोआप थांबायला लागले. पाण्याचा टँकरही थांबला, ज्याला थांबायचं काही कारण नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "एवढं लिहिलंय तर थांबलं पाहिजे." ट्रम्पेटवाल्याने आनंदाने शिट्टी फुंकली.

इथे मी डबा उचलून घरी यायला हवं होतं. पण तेवढ्यात त्याचे वरचे साहेब गाडीतून आले, त्यांनी पाटी पाहिली आणि गावभरच्या अडथळ्यांसाठी नऊ पाट्यांची ऑर्डर सोडली. 'मागे फिरा', 'अंतर ठेवा', 'विनाकारण फिरू नका'. मी नको म्हणायला हवं होतं का? अवश्य. पण तीन आठवडे लसूण सोललेल्या माणसाला विचारा. चार दिवस मी रोज सकाळी ट्रम्पेटवाल्याच्या सोबतीने गाळ्यावर जात होतो आणि 'विनाकारण फिरू नका' लिहिण्याकरता फिरत होतो. रोज दुपारी घरी आलो की बायको भिंतीकडे पाहायची, मग माझ्याकडे.

"दिवस किती राहिले, माहितीये ना?"

"उद्या डबा येतो."

"माझ्यावर घरोघरी शिकवण्या घेत फिरायची वेळ आणू नका."

पाचव्या दिवशी डबा निघाला तर नवीच भानगड. मोठ्या साहेबांचा हुकूम आला की वस्तीत भाजीखेरीज काहीही न्यायचं नाही. ट्रम्पेटवाला म्हणाला, "मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण हुकूम आहे. भाजी नेली तर मी बघणार नाही." आणि त्याने मान वळवून रस्त्यापलीकडच्या कांद्याच्या हातगाडीकडे पाहिलं.

हातगाडी आमच्या गल्लीतल्या पैलवानाची. पैलवान म्हणजे व्यायामशाळेचा मालक. व्यायामशाळेला कुलूप लागल्यावर चार दिवस तो घरात फरशा मोजत बसला आणि पाचव्या दिवशी हातगाडी घेऊन उतरला. लाज नाही, लपवाछपवी नाही. पण वीस वर्षांची सवय जाते कुठे? बायकांना कांदे घ्यायला लावायचा तो वजनं उचलायला लावल्यासारखा: "अजून एक किलो, ताई! जमेल! दम सोडू नका! शेवटचा एक!" लोक घाबरून दुप्पट कांदे घ्यायचे. मला त्या माणसाचा अभिमान आहे. बाल्कनीत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा पोतंभर कांदे चौथ्या मजल्यावर पोचवणारा मला मोठा वाटतो, आणि हे मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. त्यातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. बरं झालं.

डबा कांद्यांच्या तळाशी गेला. "मालक, तुमचा रंग माझ्या जिवासारखा नेतो," पैलवान म्हणाला. आणि त्याने डब्यावर एक पोतं ठेवून तो असा काही घट्ट बसवला की झाकण तिरकं झालं.

आमच्या वरच्या मजल्यावर वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. सगळी इमारत त्यांना 'साहेब' म्हणते, कारण नाही म्हटलं तर ते स्वतःच म्हणवून घेतात. टाळेबंदीत त्यांनी स्वतःची इमारतीच्या सुरक्षेवर नेमणूक केली होती. ते रोज पैलवानाचा काटा तपासून कांदे घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी तळातले घेतले. दहा मिनिटांत जिन्यात आरडाओरडा.

"कुणी दारं उघडू नका! कांद्यांवर काहीतरी काळं आलंय! हा नवीन प्रकार आहे! माझ्या हातालाही लागलाय!"

साहेब पायरीवर दोन्ही हात वर धरून उभे होते, कोपरापर्यंत काळे. त्यांच्या घरातून काकूंचा आवाज येत होता, "साबण लावा म्हणते ना मी!" "साबणाने जात नाही! साबणाने जात नाही म्हणजे साधं नाही ते!"

मी पुढे झालो. "काका, तो आजार नाही. माझा फळा आहे."

"फळा कांद्यात कसा गेला?"

या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर नसतं. मी सगळं सांगितलं, रॉकेलचा बोळा आणून त्यांचे हात पुसून दिले. त्यांनी माफ केलं, पण त्या क्षणापासून माझ्या फळ्याचे सल्लागार झाले. फळा काळा नको, हिरवा करा, डोळ्यांना गार. भिंतीवर नको, दारावर करा, दार उघडलं की वर्ग सुटला. शेजारच्या काकूंनी सुचवलं की गॅसपासून लांब ठेवा, नाहीतर फोडणीचे शिंतोडे पूर्णविराम म्हणून वाचले जातील. सगळ्यांचं ऐकून घेता घेता मी रंगवत होतो. अर्धा रंग कांद्यांनी प्यायला होता, म्हणून सहा बाय चारचा फळा चार बाय तीन झाला. पण काय उतरला! काळाभोर, चमक नाही, खडू असा धरतो की बोलायची सोय नाही. आणि माझ्याकडून भेट म्हणून मी वर पांढऱ्या तेलरंगात संख्यारेषा काढायचं ठरवलं, कारण शुक्रवारी तोच धडा होता. मध्ये शून्य, डावीकडे ऋण दहापर्यंत, उजवीकडे धन दहापर्यंत. काढण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावं म्हणून मंगळवारी संध्याकाळी बायकोने खडूने दोन ओळी लिहिल्या, फोन चळतीवर ठेवला आणि कॅमेरा लावला.

फोनमध्ये सगळं उलटं दिसत होतं. आरशात दिसतं तसं. तीन उलटा, पाच उलटा, 'गणित' शब्द तर कुठल्या तरी परक्या भाषेतला.

बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "म्हणजे इतके दिवस पोरांना सगळं उलटं दिसत होतं?"

"कुणी बोललं नाही?"

"मी रोज विचारते हो. 'दिसतंय का?' सगळे ओरडतात, 'होऽऽ'."

"मग दिसतच असेल. उलटं दिसतं म्हणजे दिसतंच की."

ती स्टुलावर बसली. शुक्रवार तीन दिवसांवर. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी आतून फुललो होतो. कारण उलटी अक्षरं हा माझा प्रांत आहे. दुकानाच्या काचेच्या दारावर नाव लिहितात ते बाहेरून नाही, आतून लिहितात, पावसापाण्याने जाऊ नये म्हणून. आतून लिहायचं म्हणजे उलटं लिहायचं. या शहरात ते काम नजरेच्या अंदाजाने करणारे आम्ही दोघं होतो, त्यातला एक वारला.

"ऊठ," मी म्हटलं. "मी फळ्यावर उलटं लिहितो. फोनमध्ये सुलटं दिसेल."

आणि मी सबंध संख्यारेषा उलटी रंगवली. ऋण उजवीकडे, धन डावीकडे, प्रत्येक आकडा आरशातला. एकही डाग नाही, एकही खोडतोड नाही. खात्री म्हणून वरच्या मजल्यावरच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी आमच्या फोनच्या पडद्याला नाक लावून अर्धा मिनिट पाहिलं आणि वजनमाप खात्याच्या आवाजात सांगितलं, "अगदी सुलट. मंजूर."

आता तुमच्यातली तरुण मंडळी हसत असतील. आपला फोन आपल्याला आपलं रूप आरशासारखं उलटं दाखवतो आणि पलीकडच्याला मात्र सुलटंच दाखवतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. आम्हाला नव्हतं. आमच्या घरात एकच फोन, आणि तिघांनीही त्याच एका फोनमध्ये पाहिलं. बस.

राहिला प्रश्न खडूचा. बायकोला उलटं लिहिता येईना. तेव्हा ठरलं की ती शिकवणार आणि मी चौकटीबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहणार, आणि ती सांगेल ते फक्त हात आत घालून उलटं लिहिणार. बुधवारी वर्ग सुरू झाला. ती म्हणाली, "लिहू या, ऋण तीन," आणि कडेने एक केसाळ हात आला आणि लिहून गेला. गुरुवारपर्यंत पोरांनी त्याचं नाव 'हात सर' ठेवलं होतं. "गुड मॉर्निंग बाई, गुड मॉर्निंग हात सर!" मी अंगठा दाखवायचो. तीन आठवडे लसूण सोलल्यावर मला कुणीतरी सर म्हणत होतं. दोन्ही दिवस बायकोने विचारलं, "दिसतंय का?" दोन्ही दिवस छत्तीस जण ओरडले, "होऽऽ!"

शुक्रवारी अकराला पडद्यावर एका चौकोनात मुख्याध्यापक आणि एका चौकोनात अधिकारी साहेब आले. साहेब कृश, चष्मेवाले, मागे फायलींची भिंत. बायकोने इस्त्रीची साडी नेसली होती. मी बनियनवर होतो, कारण माझा फक्त हातच दिसणार होता.

"बाई, सुरुवात करण्याआधी सगळ्या मुलांना कॅमेरे चालू करायला सांगा," साहेब म्हणाले. "मला मुलं बघायची आहेत."

रोज पोरांचे कॅमेरे बंद असायचे, नेट पुरत नाही म्हणून. आज एकेक चौकोन उजळत गेला. पहिला चौकोन: आरसा, आरशात एक पोरगी, हातात फोन. दुसरा: बेसिन, आरसा, आरशात पोरगा. तिसरा: आईच्या कपाटाचा आरसा. चौथा पोरगा तोंडात ब्रश घेऊन. छत्तीसच्या छत्तीस पोरं आरशांसमोर फोन धरून उभी होती. एकाच्या मागे त्याची आजी टॉवेल घेऊन आपल्या पाळीची वाट बघत होती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ही सगळी मुलं न्हाणीघरात का आहेत?"

"तिथे... नेटवर्क चांगलं येत असेल, सर," बायको म्हणाली. तिचा आवाज मी ओळखतो. तो बारीक झाला होता.

"ठीक आहे. चालू द्या."

तिने धडा सुरू केला. शून्य म्हणजे काय, त्याच्या अलीकडे काय, पलीकडे काय. मग तिने विचारलं, "सांगा पाहू, ऋण संख्या शून्याच्या कुठल्या बाजूला असतात?"

"डावीकडे!" पोरं ओरडली.

"शाबास."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही डावीकडे म्हणताय, मुलं डावीकडे म्हणतायत. मला तर उजवीकडे दिसतंय. आणि आकडेसुद्धा... माझे डोळे गेलेत की तुमचा फळा?"

पहिल्या बाकावर बसणारी पोरगी, जी शाळेत नसतानाही पहिल्या बाकावरच असते, तिने माइक चालू केला. "सर, तुम्हीपण आरशासमोर जा ना! मग बरोबर दिसतं. आम्ही बुधवारपासून तसंच करतो. मीच सांगितलं सगळ्यांना."

"बुधवारपासून?" बायको म्हणाली. "अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'दिसतंय का' विचारलंत, बाई. दिसत होतं."

माझा हात अजून चौकटीत होता, खडू धरून. मला तो मागे घ्यायचंही सुचेना. बावीस वर्षांत माझी एक पाटी कुणी परत आणली नव्हती, आणि आज बायकोची नऊ वर्षं मी एका रेषेत उलटी करून ठेवली होती.

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं. हा गृहस्थ बुडत्या होडीतसुद्धा सत्काराचा कार्यक्रम ठेवील. "सर, हा आमच्या शाळेचा नावीन्यपूर्ण उपक्रम आहे! आरसा-अध्यापन! मुलं स्वतः शोध घेतात! हो ना, बाई?"

"असं?" साहेबांनी पेन उचललं. "हो का, बाई?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण! एक 'हो' आणि वर्षाची निश्चिंती.

"नाही सर," ती म्हणाली. तिचा आवाज आता बारीक नव्हता. "उपक्रम वगैरे काही नाही. फळा उलटा लिहिलाय. चूक आहे, आणि मला ती आत्ता कळली. पोरांना आधी कळली."

मला राहवलं नाही. मी बनियनवरच चौकटीत शिरलो. "साहेब, चूक माझी आहे. तिचा काही संबंध नाही. हा हात माझा."

"हात सऽऽर!" छत्तीस माइक एकदम उघडले. "हात सरांना तोंड आहे!"

"हे कोण?" साहेब म्हणाले.

"माझे मिस्टर. पेंटर आहेत." मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "खडू द्या इकडे. आणि बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. तिने माझ्या तेलरंगातल्या रेषेखाली खडूने दुसरी रेषा काढली, स्वतःच्या हाताने, सुलटी. वाकडी आली होती. मग पोरांना म्हणाली, "चला, सगळे आरशासमोरून बाहेर या. आजींना आत जाऊ द्या. जमिनीवर बसा. आता फळ्यावर दोन रेषा आहेत. वरची हात सरांची, खालची माझी. काय बदललं आणि काय नाही बदललं, ते मला सांगा."

मग ब्रशवाला पोरगा, ब्रश काढून: "बाई, तीन तिकडे गेला आणि ऋण तीन इकडे आला."

"आणि चार?"

"सगळेच पलीकडे गेले."

"सगळे?"

"शून्य नाही गेलं!" पहिल्या बाकावरची ओरडली. "शून्य तिथेच आहे!"

"का बरं?"

"कारण... ते कुठल्याच बाजूचं नाही!"

बायको गप्प उभी होती. पोरं स्वतः बोलायला लागली की ती गप्प होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नऊ वर्षांत मी तिला शिकवताना नीट पाहिलंच नव्हतं. ती शाळेत जायची, मी गाळ्यावर, आणि घरात वर्ग भरला तेव्हा माझं लक्ष लसणात नाहीतर खडूत. मी कोपऱ्यात फ्रिजला टेकून उभा होतो आणि बनियनवर असूनही मला फार भारी वाटत होतं.

साहेबांना राहवेना. त्यांनी स्वतःच विचारलं, "मुलांनो, ऋण पाचपासून तीनपर्यंत किती घरं?"

"आठ!"

"आणि वरच्या, उलट्या रेषेवर?"

छत्तीस डोकी पडद्याजवळ आली. मग एकेक करत, आणि शेवटी एकदम: "आठच! सर, आठच!"

दहा मिनिटांसाठी आलेले साहेब चाळीस मिनिटं बसले. मध्ये त्यांच्याही चौकटीत कडेने एक हात आला आणि चहाचा कप ठेवून गेला, म्हणजे हात घरोघरी असतात. जाताना ते म्हणाले, "बाई, दोन आठवड्यांत मी एकेचाळीस वर्ग पाहिले. सगळीकडे मुलं मला 'हो सर' म्हणाली. 'आरशासमोर जा' असं सांगणारा हा पहिलाच वर्ग." मुख्याध्यापक काहीतरी बोलत होते, पण त्यांचा माइक बंद होता. कुणी सांगितलं नाही.

शनिवारी कागद आला, फोनवरच. कंत्राट एक वर्ष वाढवलं होतं. खाली शेरा: 'अध्यापन उत्कृष्ट. फळ्याची दिशा सुधारावी.'

दिशा सुधारावी! मी उत्तर लिहायला बसलो होतो. काचेवरच्या कामाचा इतिहास, माझा अनुभव, सगळं मुद्देसूद. बायको म्हणाली, "पाठवा नंतर. सोमवारी अपूर्णांक आहेत, तुमची ती रेषा आधी काढून द्या." तेलरंग पुसता येत नाही, घासावा लागतो. मी स्टुलावर चढलो आणि पॉलिशपेपरने माझं आयुष्यातलं सर्वांत सुबक काम घासायला लागलो.

तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरचे साहेब, मास्क, हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद. इमारतीतून कोण कोण कामाला जातं याची यादी वॉर्ड ऑफिसला द्यायची होती.

"तुमच्याकडे शून्य ना, वहिनी? शाळा बंद, यांचं पाट्यांचं काम बंद."

"दोन लिहा," बायको म्हणाली.

"दोन? अहो, पण शाळेला कुलूप आहे!"

"शाळेला आहे. सातवीला नाही." ती दारातून बाजूला झाली, म्हणजे त्यांना थेट स्वयंपाकघर दिसावं. ओटा, डब्यांची चळत, फळा, आणि स्टुलावर पांढऱ्या धुळीने माखलेला मी. "मी गणिताची बाई. आणि ते आमच्या शाळेचे पेंटर. दोघंही कामावर आहेत. लिहा."

साहेबांनी चष्मा सावरला, कागद भिंतीला टेकवला आणि सावकाश लिहिलं. मी स्टुलावरून वाकून पाहिलं. अक्षर भिकार होतं, पण मजकूर अगदी बरोबर होता.